स्वयंवह आणि सापेक्ष : 'स्वयंभारित' मोटारीच्या कल्पनेचे परीक्षण

विजेच्या मोटारींविषयीच्या लेखनात व जाहिरातींत 'सेल्फ-चार्जिंग' हे विशेषण गेल्या काही वर्षांत चांगलेच रूढ झाले आहे. मराठीत त्याला 'स्वयंभारित' म्हणता येईल. हे विशेषण तीन अगदी निराळ्या वस्तूंना सारख्याच सहजतेने लावले जाते, आणि विचाराचा घोटाळा तेथूनच सुरू होतो. पेट्रोलवर चालणारी, परंतु सोबत लहान बॅटरी व विद्युत्-मोटर बाळगणारी संकरित गाडी ही त्यांपैकी पहिली वस्तू. टपावर सौरपट्ट बसविलेली विजेची गाडी ही दुसरी. तिसरी वस्तू अद्याप कोणी चालवून दाखविलेली नाही. तिचे आराखडे मात्र वारंवार नव्या उत्साहाने प्रसिद्ध होत असतात. चाकाच्या आसाला जनित्र जोडावे अथवा टपावर पंखा बसवावा, म्हणजे गाडी धावता धावता बॅटरी भरत राहील व प्रवासाला अंत उरणार नाही, असा ह्या आराखड्यांचा आशय असतो. पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी हा तिसरा प्रकार अशक्य म्हणून तात्काळ बाजूस सारील. तथापि ज्या इच्छेतून तिसरा प्रकार जन्मास येतो त्याच इच्छेचा अंश पहिल्या दोहोंच्या नावातही मिसळलेला आहे, आणि तो वेगळा काढून पाहण्याचे काम केवळ नियमाचा उच्चार करून होत नाही.

ह्या परीक्षणासाठी रेडी हे गाव कसोटी म्हणून घेणे सोयीचे आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, वेंगुर्ले तालुक्यात, गोव्याच्या सीमेला लागून हे गाव वसले आहे. एका अंगास समुद्र व यशवंतगड, दुसऱ्या अंगास जांभ्या दगडाचे सडे व लोहखनिजाच्या खाणी, आणि सावंतवाडीमार्गे काही तासांच्या अंतरावर सह्याद्रीचा आंबोली घाट. सपाट रस्ता, चढ-उतार, प्रखर ऊन आणि दीर्घ पावसाळा ही मोटारीच्या ऊर्जाव्यवहाराची सर्व अंगे येथे जवळजवळ आढळतात. शिवाय, पावसाळ्यात वीज जाणे ज्या भागात नित्याचे आहे तेथे 'कोठेही जोडावी न लागणारी गाडी' ही कल्पना शहरापेक्षा अधिक मोहक ठरते, हेही विसरता येत नाही.

स्वतः चालणाऱ्या यंत्राची कल्पना आपल्याकडे नवी नाही. तिला संस्कृत ज्योतिषग्रंथांत 'स्वयंवह' असे नेटके नाव आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये रचलेल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त पाऱ्याच्या योगाने फिरणाऱ्या चाकाचा उल्लेख येतो. परंतु ह्या कल्पनेचा विस्तृत विचार भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त (११५०) आढळतो. भास्कराचार्यांचा महाराष्ट्राशी असलेला संबंध चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखामुळे सर्वश्रुत आहे. त्यांचा नातू चांगदेव ह्याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला होता, आणि तो लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी ह्यांनी विद्वानांच्या नजरेस आणला. ग्रंथातील गोलाध्यायाच्या यंत्रविषयक भागात भास्कराचार्य एक हलक्या लाकडाचे चाक वर्णितात. त्याचे आरे पोकळ, समान मापाचे, समान अंतरावर व एका बाजूस किंचित वळलेले असावेत. प्रत्येक आऱ्यात अर्ध्यापर्यंत पारा भरून तोंडे बंद करावीत. असे चाक दोन आधारांवर ठेवले असता आपोआप फिरत राहते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

चाक फिरत नाही. एका बाजूच्या आऱ्यांत पारा परिघाकडे सरकतो व त्यामुळे ती बाजू खाली ओढली जाते, इतके खरे. पण त्याच वेळी दुसऱ्या बाजूस पारा आसाजवळ गोळा होत असला तरी अशा स्थितीतील आऱ्यांची संख्या अधिक असते. दोन्ही बाजूंचे आघूर्ण तोलले जातात व चाक एकदोन हेलकावे घेऊन स्थिर होते. भास्कराचार्यांनी ते बनवून पाहिले होते की नाही, ह्या प्रश्नापेक्षा त्यांनी त्याच ठिकाणी केलेला एक भेद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. पाऱ्याच्या चाकाबरोबरच ते आणखी एका यंत्राचे वर्णन करतात. त्यात कुंडातील पाणी वक्रनलिकेने खेचून चाकाच्या पात्रांवर सोडले जाते, व पाण्याच्या भाराने चाक फिरते. लल्ल आदी पूर्वाचार्यांनी सांगितलेली अशी यंत्रे त्यांना पसंत नाहीत. ती 'सापेक्ष' आहेत, म्हणजे बाहेरच्या कशावर तरी अवलंबून आहेत, म्हणून ती 'ग्राम्य' होत, असा त्यांचा अभिप्राय आहे.

येथे इतिहासाने एक चमत्कारिक उलटापालट करून ठेवली आहे. ज्या यंत्राला ग्राम्य म्हणून कमी लेखले ते कुंडात पाणी असेपर्यंत खरोखरच चालते. ज्याला निरपेक्ष म्हणून गौरविले ते चालत नाही. परंतु 'सापेक्ष' हा शब्द योजून भास्कराचार्यांनी जो प्रश्न उपस्थित केला तो अचूक होता. त्यांनी दिलेले मूल्य तेवढे उलटे होते. अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट ह्यांच्या मते अखंड गतीची कल्पना भारतातूनच अरबांमार्फत युरोपात गेली, आणि तेराव्या शतकात व्हिलार द ऑनकूर ह्याच्या वहीत असमतोल चाकाचे चित्र आढळते हे तर प्रसिद्धच आहे. पुढे १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने अखंड गतीच्या यंत्रांचे प्रस्ताव ह्यापुढे तपासावयाचे नाहीत असा ठराव केला. ऊर्जेचा नियम त्या वेळी अद्याप मांडलाही गेला नव्हता. अकादमीचा ठराव अनुभवाच्या कंटाळ्यातून आला होता.

नियम आला तो १८४० नंतरच्या दशकात, मायर, जूल व हेल्महोल्ट्झ ह्यांच्या कार्यातून. त्याचे मराठी नाव 'ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम'. ह्या नावाविषयी थोडे थांबून विचार करणे अगत्याचे आहे, कारण मराठी वाचकाचा बराचसा गैरसमज नावातूनच उद्भवतो. 'अक्षय्य' ह्या शब्दाबरोबर मराठी मनात अक्षय्यतृतीया येते, द्रौपदीची थाळी येते. कितीही वाढले तरी न सरणारे असे काही त्यातून सूचित होते. नियमाचा आशय मात्र ह्याच्या जवळजवळ विरुद्ध आहे. बेरीज स्थिर राहते, म्हणून वाढत नाही. एका जागी जे आले ते दुसऱ्या जागचे उणे झाले, एवढेच तो सांगतो. तो कृपण हिशेबनिसाचा नियम आहे, अन्नपूर्णेचा नव्हे. त्यात भर म्हणून सूर्य, वारा इत्यादींपासून मिळणाऱ्या ऊर्जेला 'अक्षय ऊर्जा' म्हणण्याची पद्धत पडली व २००४ पासून २० ऑगस्ट हा 'अक्षय ऊर्जा दिन' म्हणून पाळला जाऊ लागला. एकाच शब्दाने एकदा स्थिर बेरीज व एकदा न आटणारा पुरवठा असे दोन अर्थ वाहावयाचे ठरल्यावर विद्यार्थ्याने गोंधळावे ह्यात नवल नाही. महाभारताच्या वनपर्वातील मूळ कथा ह्या बाबतीत आधुनिक शब्दप्रयोगापेक्षा अधिक दक्ष आहे. ती थाळी युधिष्ठिराला सूर्याने दिली होती, आणि द्रौपदीचे भोजन झाले की त्या दिवसापुरते तिच्यातून काही निघत नसे. थाळीसुद्धा सापेक्षच होती.

इंग्रजीत नियमाला व काटकसरीला एकच शब्द आहे. मराठीने 'अक्षय्यता' व 'बचत' असे दोन वेगळे शब्द राखले, हे तिचे भाग्यच म्हणावयाचे. मात्र त्यामुळे एक प्रश्न टाळता येत नाही : ऊर्जा नष्टच होत नसेल तर ती वाचवावयाची कशासाठी? ह्याचे उत्तर कार्नो (१८२४) व त्यामागून क्लॉसियस ह्यांनी दिले. बेरीज कायम राहते, परंतु प्रत ढासळते. धावत्या गाडीची गतिज ऊर्जा ब्रेकच्या घर्षणात उष्णता झाली, म्हणजे ती नाहीशी झाली नाही. रेडी-शिरोडे रस्त्यावरील हवेचे तापमान अत्यल्प प्रमाणात वाढले. ती उष्णता वेचून पुन्हा चाकाला देता येत नाही, इतकेच. मोटारीच्या ऊर्जाबचतीचे सारे शास्त्र हा ऱ्हास लांबणीवर टाकण्याचे शास्त्र आहे.

ह्या भूमिकेवरून पाहता संकरित गाडीचा गुण कोणता व तिच्या नावातील अतिशयोक्ती कोणती, हे स्पष्ट होते. भारतात टोयोटा किर्लोस्कर मोटर कंपनीने २०२२ मध्ये 'अर्बन क्रूझर हायरायडर' ही गाडी आणली, तेव्हा तिच्या संकरित प्रकाराला 'सेल्फ-चार्जिंग' हे विशेषण लावले. त्या प्रकारासाठी प्रमाणित अंतर लिटरला २७.९७ किलोमीटर असे दिले जाते. त्याच गाडीचा साधा, हाताने गिअर बदलावयाचा प्रकार सुमारे २१ किलोमीटर देतो. म्हणजे तेवढ्याच अंतरास पेट्रोल सुमारे एक चतुर्थांशाने कमी लागते. ही बचत खरी आहे व ती क्षुल्लक नाही. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा अंशतः बॅटरीत घेतली जाते, आणि एंजिनाला ज्या वेगावर ते सर्वांत अकार्यक्षम असते त्या वेगावर काम करावे लागत नाही. परंतु बॅटरीत येणारी प्रत्येक युनिट वीज टाकीतील पेट्रोलमधूनच येते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॅट-तास, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत ९ युनिट, ऊर्जा असते. त्याखेरीज दुसरा झराच त्या गाडीत नाही. अशा गाडीला 'स्वयंभारित' म्हणणे म्हणजे ज्याचे जेवण स्वयंपाकघरातून येते त्याला 'स्वयंपोषित' म्हणण्यासारखे आहे. नॉर्वेच्या ग्राहकसंरक्षण प्राधिकरणाने २०२० च्या जानेवारीत लेक्सस गाड्यांच्या ह्याच धर्तीच्या जाहिरातीवर दिशाभूल करणारी म्हणून आक्षेप घेतला, तो ह्याच कारणास्तव. त्या देशात विजेच्या गाड्या घरोघरी झाल्या असल्यामुळे शब्दाचा अर्थ तेथे ग्राहकाला नेमका कळत होता, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

ब्रेकमधून परत मिळणाऱ्या ऊर्जेविषयी आणखी एक चूक वारंवार होते. 'साठसत्तर टक्के ऊर्जा परत मिळते' असे वाचल्यावर शंभर किलोमीटरच्या प्रवासात सत्तर किलोमीटर फुकट झाले असा समज होतो. टक्केवारी कशाची, हे विचारले जात नाही. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणारी गाडी बॅटरीतून जे घेते ते सर्व हवेचा अवरोध व टायरांचे घर्षण ह्यांना देऊन टाकते. परत घेण्यासारखे काही उरतच नाही. त्या स्थितीत आसाला जनित्र जोडले तर ते गाडीला मागे ओढते, आणि ती ओढ भरून काढण्यास मोटरला जे जास्तीचे काम पडते ते जनित्राच्या उत्पन्नाहून नेहमी अधिक असते. मोटर, जनित्र व बॅटरीचे भरणे ह्या तीन पायऱ्यांची कार्यक्षमता प्रत्येकी नव्वद टक्के धरली तरी गुणाकार ७३ टक्क्यांवर येतो. शंभर देऊन त्र्याहत्तर घेण्याच्या व्यापारात उलाढाल वाढविल्याने नफा होत नाही.

परत घेण्यासारखे काही उरते ते थांबताना व उतरताना. म्हणून रेडीहून आंबोलीस जाऊन परतणारी गाडी हे योग्य उदाहरण ठरते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. गणिताच्या सोयीसाठी घाटाची मुख्य चढण २० किलोमीटर व तीत ६०० मीटरची उंची, गाडीचे प्रवाशांसह वजन १,५०० किलोग्रॅम, आणि घाटातील बेताच्या वेगास हवा व टायर मिळून २०० न्यूटनांचा अवरोध असे मानू. उंचीवर नेण्यास २.४५ युनिट लागतील, अवरोधास १.११, मोटर व तिचे नियंत्रण ह्यांतील क्षय धरता बॅटरीतून सुमारे ४.२ युनिट खर्च होतील. परतताना तेच २.४५ युनिट गुरुत्वाकर्षण परत देऊ लागते, परंतु त्यांतून प्रथम अवरोधाची १.११ युनिटांची वजावट होते. ब्रेकच्या वाटेस आलेल्या १.३४ पैकी तीनचतुर्थांश पुन्हा वापरता आले तर एक युनिट हाती लागते. चढावर सव्वाचार गेले, उतारावर एक आले.

हे एक युनिट तुच्छ मानण्याचे कारण नाही. साध्या गाडीत ते ब्रेकचे पट्टे तापविण्यात गेले असते, आणि घाट उतरताना तापलेल्या ब्रेकचा वास कोणत्याही प्रवाशाच्या परिचयाचा असतो. पण आंबोलीहूनच प्रवासास निघालेल्या माणसाचा अनुभव कसा असेल? त्याच्या गाडीची बॅटरी तीस युनिटांची असली, तर दाणोलीच्या बाजूस उतरेपर्यंत तिचा निर्देशांक तीन टक्क्यांनी वाढलेला त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. गाडी चालली आणि बॅटरी भरली! निरीक्षण खोटे नाही. हिशेबाची वही तेवढी अर्ध्यातून उघडली आहे. गाडी आंबोलीस कोणी व कशाच्या बळावर चढविली, हे पान त्याच्यापुढे नसते. स्वयंभारित यंत्रांच्या बहुतेक प्रात्यक्षिकांचे मर्म ह्या अर्ध्या वहीत असते, व प्रत्येक वेळी त्यामागे लबाडीच असावी लागते असे नाही.

उतरणाऱ्याची ऊर्जा वाया जाऊ नये ह्यासाठी दुसराही एक मार्ग आहे, आणि महाराष्ट्राने तो फार पूर्वी पाहिला आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे पुण्यापर्यंत विद्युतीकरण १९२९-३० च्या सुमारास झाले. त्या काळच्या घाटात चालणाऱ्या मालगाड्यांच्या विद्युत् एंजिनांत, ज्यांना त्यांच्या आकारामुळे 'मगर' म्हणत, उतरताना वीज परत तारेत सोडण्याची सोय होती. ती वीज साठवावयाची नसून त्याच वेळी चढणाऱ्या दुसऱ्या गाडीने घ्यावयाची असे. बॅटरीचा क्षय त्यात नव्हता, बॅटरीचे वजनही नव्हते. कोकण रेल्वेचा मार्ग २०२२ मध्ये पूर्णतः विजेवर आला. सावंतवाडीवरून जाणाऱ्या आजच्या विद्युत् एंजिनांतही हेच तत्त्व आहे. अशी गाडी तारेला कायमची बांधलेली असते. ह्याहून सापेक्ष वाहन दुसरे नाही, आणि उतारावरील ऊर्जेचा ह्याहून चांगला उपयोगही नाही.

आता दुसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे सौरपट्टांच्या गाडीकडे, वळावयास हवे. ह्या गाडीच्या बाबतीत 'स्वयंभारित' हा शब्द पुष्कळसा क्षम्य ठरतो. ऊर्जा बाहेरूनच येते, पण ती पैसे मागत नाही व तारही मागत नाही. पुण्याच्या वायवे मोबिलिटी ह्या कंपनीने 'ईव्हा' नावाची छोटी गाडी २०२३ च्या ऑटो एक्स्पोत दाखविली व २०२५ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात तिची किंमत घोषित केली. तिच्या टपावरील सौरपट्टांतून दिवसाला दहा किलोमीटरपर्यंत, आणि वर्षाला तीन हजार किलोमीटरपर्यंत, अंतराची भर पडते असे कंपनी सांगते. हा दावा तपासून पाहण्यासारखा आहे, आणि तपासल्यावर तो बराचसा टिकतो. सर्वांत लहान ९ युनिटांच्या बॅटरीवर १२५ किलोमीटर असे गुणोत्तर दिलेले असल्यामुळे एका किलोमीटरला सुमारे ०.०७ युनिट लागते. दहा किलोमीटरांना पाऊण युनिट पुरे. कोकण किनाऱ्यावर वर्षाच्या सरासरीने दर चौरस मीटरला दिवसाला पाच युनिटांच्या आसपास सूर्यप्रकाश पडतो, आणि चांगला पट्ट त्याचा पाचवा हिस्सा वीज म्हणून देतो. म्हणजे एक चौरस मीटरहून लहान टपावर पाऊण युनिट मिळणे शक्य आहे. येथे गणित जुळते. जुळते ते गाडी लहान, हलकी व शहरी वेगाची ठेवली म्हणून. श्रेय पट्टांना कमी व ह्या संयमाला अधिक द्यावे लागेल.

'पर्यंत' ह्या शब्दावर मात्र रेडीत जड ओझे पडते. जून ते सप्टेंबर हे चार महिने येथे आकाश दाटलेले असते, आणि उरलेल्या आठ महिन्यांत माणूस गाडी उन्हात उभी करीत नाही. आंबा, फणस अथवा माडांची सावली, ती नसेल तर अंगणातला मांडव, अशी जागा तो शोधतो, आणि ते शहाणपणाचेही आहे. कारण एप्रिलच्या उन्हात तापलेली गाडी पुन्हा थंड करण्यासाठी वातानुकूलन यंत्र अर्धा-पाऊण तास चालविले तर टपाने दिवसभरात मिळविलेल्या विजेचा मोठा भाग त्यातच खर्ची पडेल. मोठ्या गाड्यांच्या बाबतीत तर प्रश्न टपाच्या क्षेत्रफळाशीच अडतो. नेदरलँड्समधील 'लाइटइयर' कंपनीने सुमारे पाच चौरस मीटर पट्ट बसवून व गाडीचा आकार हवेला अनुकूल करून दिवसाला सत्तर किलोमीटरपर्यंत मजल नेली होती. त्या गाडीची किंमत अडीच लाख युरोंच्या घरात गेली व उत्पादन २०२३ च्या जानेवारीत, सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच, थांबले. जर्मनीतील सोनो मोटर्सने 'सायन' ह्या सौर गाडीचा प्रकल्प त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सोडून दिला.

ह्या उदाहरणांवरून सौर ऊर्जा मोटारीला पुरत नाही असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकीचा ठरेल. रेडीतील एखाद्या कौलारू घराच्या दक्षिणेकडील उतारावर तीन किलोवॅटचे पट्ट बसविले, तर सरासरीने दिवसाला दहा-बारा युनिट वीज मिळावी. ईव्हासारखी गाडी त्यावर दीडशे किलोमीटर जाईल व मोठी गाडीसुद्धा सत्तर-ऐंशी. तोच सूर्य, तेच पट्ट. फक्त ते गाडीच्या टपावर नसून घराच्या छपरावर आहेत, व मधे एक तार आली आहे. गाडी सावलीत उभी राहू शकते, पट्ट उन्हात राहतात. निरपेक्षतेचा हट्ट सोडला की त्याच साधनातून पंधरापट काम निघते. भास्कराचार्यांनी ज्या कुंडाला व नलिकेला ग्राम्य म्हटले ते हेच. दुपारी निर्माण झालेली वीज रात्री घरी येणाऱ्या गाडीला कशी द्यावयाची, हा प्रश्न त्यातून निघतो खरा. पण त्याचे उत्तर वीजमंडळाच्या जाळ्यात आहे, गाडीच्या टपावर नाही. आणि ते जाळे महाराष्ट्रात आजही पुष्कळ अंशी कोळशावर चालते, हेही लपविता येणार नाही.

राहिला प्रश्न असा की, इंधन न घालता, तार न जोडता, दिवसेंदिवस चालणारे वाहन जगात कोठेच नाही काय? एक आहे. स्वित्झर्लंडमध्ये बीलनजीक पेरी येथे सिमेंटच्या कारखान्यासाठी चुनखडी मातीची खाण आहे. तेथे २०१८ पासून बॅटरीवर चालणारा एक प्रचंड डंपर काम करीत आला आहे. खाण वर व कारखाना खाली. डंपर रिकामा असताना सुमारे ५८ टन भरतो, माल भरल्यावर सुमारे १२३ टन. तो भरून उतरतो व रिकामा चढतो. उतरताना मिळणारी वीज चढण्यास लागणाऱ्या विजेहून अधिक ठरू शकते, कारण दरीचा उतार शेकडा तेरापर्यंत तीव्र आहे. वृत्तपत्रांनी ह्या डंपरला 'कधीच चार्ज करावी न लागणारी गाडी' असे मथळे दिले. ते मथळे भास्कराचार्यांच्या प्रश्नापुढे ठेवले की उत्तर लगेच मिळते. यंत्र सापेक्ष आहे, आणि ते ज्यावर अवलंबून आहे ती वस्तू म्हणजे तो डोंगर. प्रत्येक खेपेस पासष्ट टन डोंगर खाली येतो व पुन्हा वर जात नाही.

रेडीच्या वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून येथील लोहखनिज खाणींतून बंदरावर व तेथून परदेशी गेले. १९७६ मध्ये खाणीच्याच परिसरात खोदकाम करताना गणपतीची भव्य द्विभुज मूर्ती सापडली. भाविक तिला स्वयंभू म्हणतात, आणि दैवताच्या बाबतीत तो शब्द सार्थ आहे. यंत्राच्या बाबतीत 'स्वयं' ह्या उपपदाला तसा मान देता येत नाही. तेव्हा स्विस डंपर रेडीत आणला तर काय होईल? येथील डोंगर समुद्राला लागून असल्यामुळे उंची थोडी आहे. उदाहरणादाखल खाण धक्क्याहून ५० मीटर उंच व दोन किलोमीटर दूर, ट्रक रिकामा १० टन व माल १५ टन, आणि कच्च्या रस्त्याचा अवरोध वजनाच्या दीड टक्का इतका धरू. भरून उतरताना गुरुत्वाकर्षणाकडून ३.४ युनिट मिळतात, त्यांतील दोन युनिट रस्ताच खातो, आणि उरलेल्यांपैकी बॅटरीत १.१ युनिट येते. रिकामा ट्रक वर चढविण्यास २.५ युनिट लागतात. म्हणजे मालाचे वजन ट्रकाच्या दीडपट असूनही प्रत्येक फेरीस सुमारे १.४ युनिटांची तूट येते. पेरीला जे साधते ते येथे साधत नाही, ह्याचे कारण यंत्रात नसून उताराच्या प्रमाणात आहे : तेथे शेकडा तेरा, येथे शेकडा अडीच.

तरीही ही तूट डिझेलच्या ट्रकाच्या खर्चापुढे फार लहान आहे, आणि ती धक्क्याजवळच्या गोदामाच्या छपरावरील पट्टांतून भागविणे कठीण नाही. दिवसाला दहा फेऱ्या धरल्या तरी चौदा युनिट पुरतात. पावसाळ्यात ती वीज जाळ्यातून घ्यावी लागेल. परंतु उघडी खाण वर्षानुवर्षे खोल होत जाते. तिचा तळ जसजसा खाली सरकतो तसतशी ५० मीटरांची ती उंची घटते. तळ धक्क्याच्या पातळीला आला की भरलेल्या ट्रकाला गुरुत्वाकर्षणाकडून काहीच मिळत नाही, आणि त्याखाली गेला की भरलेल्या ट्रकाला चढावे लागते व रिकाम्याला उतरावयाचे असते.